जुन्या घरात सापडलेला पिस्टन कोणत्या इंजिनाचा आहे, हे विकण्याआधी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की नौपाड्यातलं घर रिकामं करताना डब्यात एक पिस्टन मिळाला, माथ्यावर +.०२० एवढंच वाचता येतं, पट्टीने व्यास साधारण ७० मिमी भरतो आणि ओळखीच्या मेकॅनिकने "बुलेटचा आहे, टाका विकून" असं सांगितलं. बुलेटचा असेलही. पण नुसत्या व्यासावर तसं लिहून विकू नका. रॉयल एनफिल्डच्याच दोन सिलिंडरच्या ७०० सीसी मीटिऑरचा बोअर-स्ट्रोकसुद्धा (सिलिंडरचा आतला व्यास आणि पिस्टनची वर-खाली धाव) ३५० बुलेटइतकाच, ७० × ९० मिमी आहे. आणि चुकीचा पिस्टन बसवला गेला, तर घेणाऱ्याचा व्हॉल्व्ह वाकतो किंवा इंजिन दम धरत नाही.

आधी साफसफाईबद्दल, कारण जास्त वाटोळं इथेच होतं. रॉकेल किंवा डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा, बस. कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो ॲल्युमिनियम खातो. माथ्यावर वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर चालवू नका, कारण ओळख पटवणारे आकडे तिथेच असतात आणि ते फार उथळ ठोकलेले असतात. माथा कोरडा करून खडूची पूड चोळा, वरची पुसून टाका आणि टॉर्च आडवा धरून बघा. +.०२० च्या आसपास अजून एखादं अक्षर किंवा बाण निघण्याची चांगली शक्यता आहे. आतल्या बाजूलाही उठावदार आकडे असतील. ते ओतकामाचे असतात आणि एकाच ओतकामातून वेगवेगळ्या मापांचे पिस्टन कातले जातात. टिपून ठेवा, पण त्यांनाच पार्ट नंबर समजू नका.

मग टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक ते ठरवा. रिंगच्या खाचेत छोटी पिन रोवलेली दिसली (रिंगचं तोंड सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात, म्हणजे पोर्टमध्ये अडकू नये म्हणून ती असते) आणि स्कर्टमध्ये, म्हणजे रिंगांच्या खालच्या भिंतीत, खिडक्या कापलेल्या असल्या, तर टू-स्ट्रोक. सगळ्यात खालची खाच रुंद असून तिच्यात तेल परत जायला भोकं किंवा चिरा असतील, तर फोर-स्ट्रोक. माथ्यावर व्हॉल्व्हसाठी खोलगट कापे असतील तर प्रश्नच मिटला.

आता मापं. पट्टी बाजूला ठेवा. डिजिटल व्हर्निअर पुरेसा आहे, मायक्रोमीटर मिळाला तर उत्तमच. व्यास स्कर्टवर, खालच्या कडेच्या थोडं वर, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या आडव्या पिनच्या) भोकाला काटकोनात घ्यायचा. पिस्टन पूर्ण गोल नसतो, पिनच्या दिशेने तो मुद्दाम अरुंद ठेवतात. माथा जास्त तापून फुगतो म्हणून वरही तो बारीक असतो, तिथे मोजलं तर काही दशांश मिमी कमीच भरेल आणि पुढचं सगळं गणित चुकेल. समजा स्कर्टवर ७०.४३ मिमी मिळाले. +.०२० म्हणजे इंचाचे वीस हजारांश, म्हणजे ०.५०८ मिमी ओव्हरसाइज, झिजलेला सिलिंडर कातून मोठा केल्यावर बसवायचा. ते वजा केले की ६९.९२. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात पिस्टन-सिलिंडरमध्ये साधारण ०.०५ ते ०.१० मिमी फट ठेवतात, ती मिळवली की मूळ बोअर ७० मिमी निघतो. माथ्यावर .५० किंवा नुसतं ५० असतं, तर ते मिलिमीटरचं माप झालं असतं.

ताडून पाहायला मूळ बोअर देतो: ३५० बुलेट – ७०, ५०० बुलेट – ८४, जावा २५० – ६५, चेतक – ५७, आरएक्स १०० – ५०, राजदूत ३५० – ६४, प्रीमियर पद्मिनी – ६८, १४८९ सीसी अँबेसडर – ७३.०२५ मिमी. मोजून ८० च्या आसपास आलं, तर दुचाकीआधी शेतीपंपाच्या इंजिनाचा विचार करा, किर्लोस्कर एव्ही-१ चा बोअर ८० आहे.

व्यास जुळला की अर्धंच काम झालं. पिनच्या भोकाचा व्यास घ्या. १९.०५ किंवा १५.८८ असा आला तर ते पाऊण किंवा पाच अष्टमांश इंच, म्हणजे इंचात आखलेलं इंजिन. १५, १६, १८ असा सरळ आला तर मिलिमीटरवालं. मग पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची काढा, माझ्या मते हेच सगळ्यात निर्णायक माप आहे. भोकाच्या वरच्या कडेपासून माथ्याच्या काठापर्यंत मोजा आणि त्यात भोकाचा अर्धा व्यास मिळवा. माथा फुगीर असेल तर फुगवट्याच्या टोकापर्यंत नाही, काठापर्यंतच. फुगवटा वेगळा लिहा. शेवटी खाचा किती आणि प्रत्येकीची रुंदी किती.

ही मापं कागदावर घेऊन वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापे पट्ट्यात बोअरिंगचं काम करणाऱ्या एखाद्या जुन्या वर्कशॉपमध्ये जा. पिस्टन कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये बोअर, पिन, उंची आणि रिंगांची मापं दिलेली असतात, तिथे ती जुळवता येतात. पिस्टन "बघून सांगतो, ठेवून जा" म्हटलं तर ठेवू नका.

नवा आहे की वापरलेला, हे स्कर्टवर कळतं. कातकामाच्या बारीक गोल रेषा शाबूत असतील तर तो न वापरलेला किंवा फार कमी चाललेला. उभे ओरखडे असतील तर जाम झालेल्या इंजिनातून निघालाय. वापरलेला वाटला तर पिनच्या भोकाजवळ लाल डाय (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारून तडा तपासून घ्या. रिंगा असल्या तर ताणून काढू नका, बिडाच्या रिंगा कडकन तुटतात.

जाहिरातीत "बुलेटचा पिस्टन" एवढंच न लिहिता "मूळ बोअर ७० मिमी, +.०२०, पिन इतकी, उंची इतकी, खाचा इतक्या, एकच नग" असं लिहा. माथा, स्कर्ट आणि आतली बाजू, तिन्हींचे फोटो व्हर्निअरचा आकडा दिसेल असे टाका. ज्याला हवा आहे तो मापं बघूनच ओळखतो. त्याच मापाचा नवा पिस्टन आजही दुकानात मिळत असेल तर तुमच्या नगाला फार भाव येणार नाही. मिळत नसेल तर पहिल्याच फोनला हो म्हणू नका. पुढे मापांवरून चारचाकीचा निघाला, तर गिऱ्हाईक फक्त ज्याचा एकच पिस्टन खराब झालाय तो, बाकीचे चारचा सेट मागतात.

विकेपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो, रिंगा गंजतात आणि ॲल्युमिनियमवर पांढरे चट्टे पडतात. इंजिन ऑइलचा हलका हात फिरवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.