तिसरा माणूस तिथे नसतो

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. नव्या ऑफिसात दुपारी डबे उघडले की त्या दिवशी जो टेबलावर नसेल त्याचा विषय निघतो, असं तू लिहिलंस. आणि पुढे, “मी काहीच बोलत नाही, नुसती ऐकते.” या वाक्यावरच मी अडलो. जुन्या ग्रीकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं आहे.

आधी तू पाठवलेल्या गोष्टीविषयी. ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसच्या तीन चाळण्या, म्हणजे कुणाविषयी काही सांगण्याआधी विचारायचे तीन प्रश्न: खरं आहे का, चांगलं आहे का, उपयोगाचं आहे का. गोष्ट छान आहे, पण ती सॉक्रेटिसची नाही. त्याच्याविषयी लिहिणारे त्याचे शिष्य प्लेटो आणि झेनोफन, त्या दोघांच्याही लिखाणात ती सापडत नाही. फार नंतर कुणीतरी ती त्याच्या नावावर खपवली. जो माणूस येऊन “मी असं म्हणालो नव्हतो” एवढंही सांगू शकत नाही, त्याच्या तोंडी शब्द घालू नयेत, मग ते कितीही चांगले असोत. म्हणून ती गोष्ट तू पुढे पाठवू नकोस.

खरी गोष्ट हेरोडोटस या जुन्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. इराणचा सम्राट झर्क्सिस इ.स.पू. 480 मध्ये ग्रीसवर चालून गेला, त्याआधीच्या मसलतीतला हा प्रसंग. मार्डोनियस नावाचा सरदार ग्रीकांची टर उडवतो आहे: यांना लढायची अक्कल नाही, युद्ध पुकारतात आणि सगळ्यात सपाट मैदान शोधून तिथेच लढतात, त्यामुळे जिंकणाऱ्यांचीही माणसं ढिगाने मरतात. ज्यांच्याविषयी हे चाललं आहे ते समुद्रापलीकडे. बाकीचे सरदार गप्प. विरुद्ध बोलायची कुणाची छाती होत नाही. तेव्हा सम्राटाचा काका आर्टाबॅनस उठतो. तो म्हणतो, निंदा ही फार भयंकर गोष्ट आहे. तिच्यात अन्याय करणारे दोघे असतात आणि सोसणारा एक. निंदा करणारा अपराधी, कारण जो समोर नाही त्याच्यावर तो आरोप करतो. ऐकणाराही अपराधी, कारण नीट माहिती करून घेण्याआधीच तो विश्वास ठेवतो. आणि जो तिथे नाही, त्याच्यावर दोघांकडून अन्याय होतो.

झर्क्सिस काकावर भडकला, त्याला भित्रा म्हणाला. मार्डोनियस इ.स.पू. 479 मध्ये प्लॅटियाच्या रणात त्याच ग्रीकांच्या हातून मारला गेला. मला मात्र आणखी एका गोष्टीचं मोल वाटतं. हेरोडोटस स्वतः ग्रीक, आणि इतकं शहाणपणाचं बोलणं तो शत्रूच्या दरबारातल्या माणसाच्या तोंडी देतो.

आता खरा सॉक्रेटिस. इ.स.पू. 399, वय सत्तर, त्याच्यावर खटला चालू आहे, समोर निकाल देणारे अथेन्सचे पंच. प्लेटोने दिलेल्या भाषणात तो म्हणतो, आज उभे असलेले फिर्यादी मला तितके धोक्याचे वाटत नाहीत. त्यांच्या आधीचे फार वाईट. तुम्ही लहान होतात तेव्हापासून त्यांनी तुमचे कान भरले. तो खटला माझ्या गैरहजेरीत चालला, माझ्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. त्यांची नावंही मला सांगता येत नाहीत, एखाददुसरा नाटककार सोडला तर. मला सावल्यांशी लढावं लागतं आहे. तो नाटककार म्हणजे ॲरिस्टोफेनिस. इ.स.पू. 423 मध्ये त्याने आपल्या नाटकात सॉक्रेटिसचं पात्र टोपलीत बसवून रंगमंचावर लोंबकळत ठेवलं होतं आणि प्रेक्षक हसले होते.

अथेन्सच्या पंचांना शपथ घ्यावी लागे की फिर्यादी आणि आरोपी, दोघांचंही सारखंच ऐकून घेऊ. त्यांनी ती घेतलीही. पण न्यायालयाबाहेर वीस-पंचवीस वर्षं ते एकच बाजू ऐकत आले होते. त्यातले बरेचसे दुष्ट नसतील गं. त्यांनी नुसतं ऐकलं होतं.

ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने अशा निंदकाचं शब्दचित्र काढलं आहे. मंडळी बसली आहेत, एकजण उठून गेला, की हा लगेच त्याच्याविषयी सुरू. कुणी नुसतं विचारावं, “अमका कोण रे?” की हा बापापासून सुरुवात करतो: बापाचं मूळ नाव सोसियस (गुलामाचं नाव), फौजेत गेल्यावर सोसिस्ट्रॅटस झाला, नागरिकांच्या यादीत शिरल्यावर सोसिडेमस. आणि वर या सगळ्याला तो स्पष्टवक्तेपणा म्हणतो, लोकशाही म्हणतो, स्वातंत्र्य म्हणतो! “मी आपलं स्पष्टच बोलते” हे तुझ्या टेबलावरही ऐकू येत असेल.

एक गल्लत मात्र करू नकोस. कुणी त्रास देत असेल, पैशांत घोटाळा करत असेल, तर तोंड मिटून बसणं हा चांगुलपणा नाही. जिथे त्या माणसाला उत्तर देता येईल अशा ठिकाणी ते बोल, लेखी दे. अथेन्समध्ये सार्वजनिक अपराधाबद्दल कुणीही नागरिक उठून खटला भरू शके, पण आरोपीला आपली बाजू मांडायची संधी असे.

मग डब्याच्या वेळी करायचं काय? तू नवीन आहेस, प्रवचन दिलंस तर एकटी पडशील. एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाचा सल्ला व्यवहारी आहे: जमेल तर बोलणं दुसरीकडे वळव, परक्यांत सापडली असशील तर गप्प राहा. त्यामुळे गप्प बसण्याचा दोष मी तुला देत नाही. आर्टाबॅनसनेही गप्प बसणाऱ्याला अपराधी म्हटलं नाही, शहानिशा न करता विश्वास ठेवणाऱ्याला म्हटलं. तेव्हा ऐकलेलं आणि पाहिलेलं मनात वेगळं ठेव. स्वतः काही चांगलं पाहिलं असशील तर तेवढं एक वाक्य बोल: “मला त्यांनी परवा फाईल शोधून दिली.” इसॉक्रेटिस (हा सॉक्रेटिस नव्हे, अथेन्सचा एक वक्ता) याच्या नावावर असलेल्या, एका तरुणाला केलेल्या उपदेशात असंच सांगितलं आहे: ज्यांच्याशी मैत्री व्हावी वाटतं त्यांच्याविषयी चांगलं बोल, आणि ते त्यांच्यापर्यंत पोचवतील अशा लोकांजवळ बोल.

आता थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. तुझ्या पत्रात अकाउंट्समधल्या त्या बाईंविषयी अर्धं पान आहे: त्यांचा स्वभाव, त्यांचं घर, त्यांची बढती कशी झाली. त्यातलं एकही तू डोळ्यांनी पाहिलेलं नाहीस, आणि त्यांच्याशी अजून धड बोललेलीही दिसत नाहीस. तरी ते इथवर पोचलं, आणि ज्यांना मी कधी भेटलो नाही त्यांच्याविषयी माझंही एक मत होऊ लागलं होतं. या आठवड्यात त्यांच्याबरोबर एकदा चहा घे. पुढच्या पत्रात त्यांच्याविषयी काही लिहू नकोस. तुझं काम कसं चाललंय, खोली मिळाली का, जेवणाची सोय झाली का, ते सविस्तर लिही.

तुझा,
सर