आजोबांच्या फौजेतल्या आठवणींचं पुस्तक स्वखर्चाने काढावं का? खर्च किती येतो आणि ते वाचतं कोण?

खर्चाचं आधी उरकतो, म्हणजे बाकीचं मोकळेपणी बोलता येईल.

२०२१ साली मी सांगलीत आजोबांवर ११२ पानांचं पुस्तक छापून घेतलं. सात फर्मे (सोळा पानांचा एक फर्मा), डेमी साइज, ७० जीएसएम मॅपलिथो कागद, चाररंगी कव्हर, परफेक्ट बाइंडिंग, ३०० प्रती. डीटीपी, म्हणजे अक्षरजुळणी, धरून ३१ हजार गेले. आता कागद महागलाय, त्यामुळे आकडा अंदाजापुरता घ्या. पानं सोळाच्या पटीत बसवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात आणि माणूस त्यांवर स्वतःच्या कविता टाकतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज केला की फुकट मिळतो, लेखक स्वतःच प्रकाशक असला तरी. तो 'काढून देण्याचे' पैसे कोणी सांगितले तर चहा पिऊन उठा. मला एकाने ४५ हजारांचं 'पॅकेज' सांगितलं होतं, त्यात प्रकाशन समारंभाचे फेटेसुद्धा धरलेले होते. मजकूर श्रीलिपीतून, म्हणजे जुन्या मराठी फाँटमधून, युनिकोडात नेणार असाल तर रफार तपासा. माझ्या पहिल्या प्रुफात सगळे जर्मन 'जमन' झाले होते. 'जमन सैन्याने पहाटे हल्ला केला.'

आता मुद्द्याचं. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की आजोबांच्या 'शौर्याच्या गोष्टी' तुम्ही चुलत्यांकडून लिहून घेतल्या आहेत. ते वाचलं आणि मला राहवलं नाही.

आमचं मूळ गाव साताऱ्याकडं, कोरेगाव तालुक्यात. आमच्या भागात फौजी आजोबा असणं म्हणजे दारात चिंच असण्यासारखं आहे, विशेष काही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं गेली. तेव्हा नुसतं 'फौजेत होते' म्हणून भागत नाही. शेजारच्यापेक्षा आपला म्हातारा चार जर्मन जास्त मारणारा असावा लागतो. आमच्या घरी ती जबाबदारी अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, उचलली होती. अण्णा प्राथमिक शिक्षक, आवाज खणखणीत, आणि दर पंधरा ऑगस्टला शाळेत आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, गोष्ट. आबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत कॅसिनोला लढले. नदीच्या बांधावर एकट्याने तीन मशीनगनी बंद पाडल्या, दोन जखमींना पाठीवर घेऊन सुरुंगांतून आणलं आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. आणि संगिनीने किती कापले याचा आकडा दरवर्षी वाढायचा.

पुस्तकासाठी वाचायला बसलो तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात हे सगळं जसंच्या तसं सापडलं, फक्त माणूस वेगळा. नामदेव जाधव, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटची पहिली पलटण, इटलीतली सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. दोन जखमी, सुरुंग, तीन मशीनगनी, बांधावरची घोषणा, सगळं त्यांचं. अण्णांनी ते कुठेतरी वाचलं असणार आणि हळूहळू ते आबांच्या अंगावर चढवलं असणार. मुद्दाम खोटं बोलले असं मी म्हणत नाही. पण तुमच्या वहीत बांध, नदी आणि मशीनगन असेल तर आधी त्या पदकासोबतचं शौर्याचं अधिकृत वर्णन काढून शेजारी ठेवा. माझ्या ओळखीच्या आणखी दोन घरांत हाच बांध निघालाय.

आबा स्वतः काय सांगायचे? जवळजवळ काही नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असताना विहिरीवर बसून त्यांना विचारलं होतं, "आबा, तुमी किती मारली?" त्यांनी विडीची राख झटकली आणि म्हणाले, "एक मेंढी. ती बी त्येंचीच. नाताळाला." मला वाटलं चेष्टा करतायत.

त्यांच्या दोन लकबी होत्या. जेवायला बसले की आजीला म्हणायचे, "पाने आण." आजी भाकरी वाढायची आणि जेवण झाल्यावर न चुकता विड्याचं पान पुढं ठेवायची, आणि आबा हसायचे. दुसरी लकब अशी की कुणालाही काही समजावून सांगितलं, मग ते बैलाचं जू बांधणं असो की पाढा, की शेवटी मान वाकडी करून म्हणायचे, "कापितो?" एवढंच. कापितो? अण्णांचं सगळं संगिनपुराण ह्या एका शब्दावर उभं होतं. "अरं, म्हाताऱ्याच्या तोंडात झोपेतबी कापितो, कापितो. किती कापली आसतील!" असं ते शाळेत सांगायचे आणि पोरं टाळ्या वाजवायची.

२०१७ च्या मे महिन्यात माझी मुलगी सुट्टीला गावी आली होती. पुण्यात कॉलेजबरोबर हौसेने इटालियनचा क्लास लावला होता तिने. रात्री अंगणात अण्णांनी कापितोचा किस्सा सुरू केला आणि ही ताडकन उठून बसली. म्हणाली, "बाबा, कापीतो म्हणजे 'समजलं का?' आणि पाने म्हणजे पाव. भाकरीच म्हणा." अण्णा काही बोलले नाहीत. आजी असती तर तीस वर्षं फुकट पान लावल्याबद्दल काय म्हणाली असती, माहीत नाही.

मग प्रश्न पडला की मशीनगनी बंद पाडणाऱ्या माणसाला इटालियन बायकांच्या चुलीवरचे शब्द येतात कसे. त्याच रात्री माळ्यावरून आबांची पत्र्याची पेटी खाली काढली. त्यात डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळतं ते नोंदींचं पुस्तक, होतं. पलटण त्याच रेजिमेंटची, पण दुसऱ्या क्रमांकाची, तिला फौजेत 'काळी पाचवी' म्हणतात. आणि एका पानावर शाईने इंग्रजीत लिहिलेलं, 'प्रिझनर ऑफ वॉर', म्हणजे युद्धकैदी, पुढे तारीख २१-६-४२. मी मोबाइलवर फोटो काढला.

२१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक पडलं. जर्मन सेनापती रोमेलच्या हाती तीस हजारांहून जास्त माणसं लागली. आदल्या दिवशी पहाटे विमानं आणि रणगाडे ज्या कोपऱ्यावर तुटून पडले तो कोपरा काळ्या पाचवीकडेच होता. म्हणजे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त मार यांनी खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी किल्लेदाराने शरणागती दिली तेव्हा ह्यांना कुणी विचारलं नाही. तिथून इटली. मध्य इटलीत आवेझ्झानोला हिंदी कैद्यांची छावणी होती. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीचा दोस्त राष्ट्रांशी तह जाहीर झाला, पहारे ढिले पडले, जर्मन येऊन पुन्हा पकडायच्या आत जे डोंगरात पळाले ते पळाले. आबा पळाले. तो हिवाळा त्यांनी एका मेंढपाळाच्या घरात काढला असणार असा माझा अंदाज आहे, आणि अंदाज आहे असंच मी पुस्तकात छापलंय. पुराव्याला पाव आहे, कापीतो आहे आणि नाताळची मेंढी आहे. शिवाय आबा एकदा आजीकडं बघून म्हणाले होते की तिकडच्या म्हाताऱ्या पण डोक्यावरनं असाच पदर घेत्यात, फक्त गाठ हनुवटीखाली मारत्यात. तेव्हा आम्हाला वाटलं, पिक्चरमध्ये बघितलं असेल.

आता कॅसिनो. आवेझ्झानोपासून ते शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि तिथली लढाई जानेवारी ते मे १९४४ चालली. आबांनी तोफा ऐकल्या असतील. 'कॅसिनोच्या तोफा ऐकल्या' याचं दोन पिढ्यांत 'कॅसिनोला तोफा डागल्या' व्हायला कितीसा वेळ लागतो?

मला विचाराल तर लिहिण्यासारखं हेच आहे. कोरेगावकडचा बाविशीतला पोरगा, बर्फ कधी बघितलेलं नाही, भाषा येत नाही, सापडला तर तो मरणार आणि ठेवून घेणारं घरही मरणार, आणि ती माणसं त्याला सहा-आठ महिने स्वतःच्या तोंडातला पाव काढून देतात. अण्णांना हे नको होतं. त्यांना कव्हरवर तलवार हवी होती आणि एक प्रकरण 'कॅसिनोचा वाघ' नावाचं. "बाप पकडला गेला हे छापून आमची अब्रू काढतोस व्हय रं?" हे वाक्य मी चार वर्षांत किती वेळा ऐकलं ते मोजलेलं नाही. पकडला गेलेला सैनिक म्हणजे पळपुटा, हे आपल्याकडं कुणी शिकवलं कोण जाणे. काळ्या पाचवीच्या किती घरांत यामुळे नुसती शांतता असेल. माणसं परत आली, शेती केली, गप्प बसली. आणि पोरांना वाटलं, गप्प आहेत म्हणजे खूप मारले असतील.

इथं एक सांगायला पाहिजे, नाहीतर अण्णांवर अन्याय होईल. पेटी मीच सांगलीला आणली. २०१८ च्या दिवाळीत, सगळी कागदपत्रं नीट स्कॅन करतो म्हणून. अण्णा देत नव्हते, मी शब्द दिला. दहा महिन्यांत एकही कागद स्कॅन केला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही २००५ च्या महापुराच्या हिशोबाने चाललो. तेव्हा आमच्या घरात गुडघाभर आलं होतं, म्हणून पेटी पलंगावर ठेवली आणि विश्रामबागला मेहुण्यांकडं गेलो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. परत आलो तेव्हा पलंग स्वयंपाकघराच्या दारात आडवा होता आणि पेटी त्याच्याखाली. डिस्चार्ज बुक उन्हात वाळवलं तर पापडासारखं वाकलं, आणि ते पान उघडलं तेव्हा शाईच्या जागी नुसता निळा ढग होता. तारीख नाही, अक्षर नाही.

उरला माझ्या मोबाइलमधला फोटो. तो तिरका आहे आणि एका कोपऱ्यात माझ्याच अंगठ्याची सावली आहे. अण्णा म्हणतात, हे कुणाचंही पान असेल. म्हणतात, पेटी नेलीस, बुडवलीस, आणि आता बापाला कैदी करतोस. यातलं पहिलं आणि दुसरं खरं आहे. तेव्हा तुम्ही पुस्तक पुढच्या वर्षी काढा, पण कागद आज स्कॅन करा, सरळ धरून, उजेडात, आणि तीन ठिकाणी ठेवा. मूळ कागद ज्याच्या घरी आहेत त्याच्याच घरी राहू द्या. हे मी आधी सांगायला हवं होतं.

वाचतं कोण, हा तुमचा खरा प्रश्न. विकत घेऊन वाचणारे अकरा निघाले, त्यातले चार माझ्या ऑफिसातले, म्हणजे त्यांना नाही म्हणता आलं नाही. पुतण्याच्या लग्नात टॉवेल-टोपीच्या आहेराऐवजी मी पुस्तक दिलं, ८० प्रती. पाहुण्यांनी ते टोपीसारखंच बगलेत धरलं, आणि माझी समजूत आहे की काहींनी टोपी कुठाय म्हणून पिशवी उलटी करून बघितली. वाचनालयांना दिलेल्या प्रती जमा झाल्याची पावती येते, पुढचं कळत नाही. पण खटाव तालुक्यातून एका बाईंचा फोन आला. सासरे त्याच पलटणीतले, तोब्रुकलाच सापडलेले, आणि घरात त्याबद्दल कधी शब्द नाही. त्यांनी विचारलं, "आमचे मामंजी दारू प्यायले की 'बास्ता बास्ता' म्हणायचे, ते काय असेल हो?" मी मुलीला विचारून सांगितलं, "पुरे झालं." पलीकडं बराच वेळ आवाज नव्हता.

अण्णांनी पुस्तक वाचलं. मला सांगितलं नाही, पण गावच्या वाचनालयात दिलेल्या पाचही प्रतींत पान ४१ वरचं 'युद्धकैदी' निळ्या बॉलपेनने खोडलंय आणि वर सुबक शिक्षकी अक्षरात 'योद्धा' लिहिलंय. आणि ४३ व्या पानावर 'जमन' राहून गेलं होतं, त्याचा राहिलेला रफारही घालून दिलाय. पहिलं बघून मी जाम चिडलो होतो. ग्रंथपालाने त्या प्रती बदलून मागितल्या, म्हणून मी त्या परत आणल्या आणि नव्या दिल्या. त्याही आता खोडल्यात, असं परवा कळलं.

तर काढा पुस्तक. ३०० नको, १०० डिजिटल प्रती काढा, प्रतीमागे दर थोडा जास्त पडेल पण माळा मोकळा राहील. चुलत्यांनी सांगितलेलं सगळं 'चुलते सांगत' असं म्हणून छापा, कागदात सापडलेलं वेगळं छापा, आणि प्रूफ चुलत्यांना दाखवू नका. किंवा दाखवा. मी दाखवलं असतं तर निदान तो रफार सुटला नसता.

नमुना बघायचा असेल तर पत्ता कळवा, प्रत पाठवतो. निळी रेघ मारलेली चालणार असेल तर पोस्टाचा खर्चही माझा, त्या पाच माझ्याकडंच आहेत.