वॉरंटीतल्या गाडीला घरी हात लावताना

भाऊ, वॉरंटी आहे म्हणून बॉनेट उघडायचंच नाही, असं काही नाही. फक्त पुस्तकात दिलेली सर्व्हिस, तारीख किंवा किलोमीटर जे आधी येईल तेव्हा, कंपनीच्याच वर्कशॉपला कर. मधली किरकोळ कामं घरी.

आपल्या खान्देशात एअर फिल्टरकडे आधी बघ. उन्हाळ्यात शेतरस्त्याने फिरलास की तो मातकट होतोच. क्लिपा काढ, फिल्टर जमिनीवर हलकेच ठोक, डबा ओल्या फडक्याने पूस. पंक्चरवाल्याकडची हवा जोरात मारू नको. कागद फाटला तर धूळ थेट इंजिनात. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना तपास. कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, झाकण गरम इंजिनावर उघडू नको, जळगावच्या मे महिन्यात तर नाहीच.

२०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने, म्हणजे कंपन्यांच्या बाजारातल्या मनमानीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, १४ कार कंपन्यांना बजावलं होतं, की बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नका. तरी काउंटरवर वाद घालायला बिलंच लागतात, तेव्हा ऑइल-कूलंटची बिलं आणि मीटरचा फोटो जपून ठेव.

वायर मात्र कापू नको. जादा लाइट, मोठा हॉर्न हवाच असेल तर कपलरवर, म्हणजे वायर न कापता जोडायच्या प्लगवर, बसणारा घे, आणि तोही वर्कशॉपला विचारून.