सेनेसन्सला ‘वार्धक्य’ म्हणावे का?

त्वचेच्या कर्करोगावरील एका लेखात ‘अर्बुदातील (म्हणजे कर्करोगाच्या गाठीतील) पेशींना वार्धक्य आणण्याचा उपचार’ असे शब्द वाचून एका वाचकाने विचारले आहे, की तोच लेख लहान मुलाच्या अंगावरील तिळातल्या पेशींनाही ‘वृद्ध’ म्हणतो, तेव्हा ‘सेल्युलर सेनेसन्स’साठी, म्हणजे जिवंत पेशीचे विभाजन सहसा कायमचे थांबण्यासाठी, हा शब्द योग्य आहे का, आणि नसल्यास दुसरा कोणता घ्यावा.

शब्दशः भाषांतर म्हणून ‘वार्धक्य’ चुकीचे नाही. लॅटिनमधील ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा मनुष्य, आणि ‘सिनेट’ हा शब्दही त्याच कुळातला आहे. १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या निरोगी पेशी साधारण ५० वेळा दुप्पट झाल्यावर विभाजन थांबवतात असे दाखवले, आणि हा थांबा म्हणजे पेशीच्या पातळीवरचे म्हातारपण असावे असा तर्क केला. तेथून हे नाव रूढ झाले. पुढे मात्र असे आढळले की डीएनएला इजा झाली किंवा कर्करोगाकडे नेणारे एखादे जनुक जागे झाले, तर अगदी तरुण पेशीही याच अवस्थेत जाते. बहुतेक तिळांतील रंगद्रव्यपेशींमध्ये बीआरएएफ जनुकातले तेच उत्परिवर्तन (जनुकातला बदल) असते जे मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगद्रव्यपेशींपासून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाच्या, निम्म्याच्या आसपास रुग्णांत सापडते. तरीही त्या पेशी काही काळ वाढून थांबतात आणि तीळ वर्षानुवर्षे तीळच राहतो. हा थांबा सेनेसन्सचाच असल्याचे २००५ मधील संशोधनाने सुचवले होते, त्यावर अलीकडे मतभेदही झाले आहेत. परंतु त्याचा मुलाच्या वयाशी संबंध नाही, याबद्दल वाद नाही.

माझा खरा आक्षेप व्युत्पत्तीचा आहे. ‘वृद्ध’, ‘वार्धक्य’ आणि ‘वृद्धी’ हे तिन्ही शब्द ‘वृध्’ म्हणजे वाढणे या एकाच धातूपासून आलेले आहेत. कर्करोगाबद्दल लिहिताना आपण ‘पेशींची अनिर्बंध वृद्धी’ म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात ती वृद्धी थांबण्याला ‘वार्धक्य’ म्हणतो, म्हणजे व्याधी आणि तिला घातलेला बांध या दोहोंना एकाच मुळाचे शब्द देतो. (अशी पेशी आकाराने फुगते आणि पसरट होते, एवढ्यापुरता मात्र हा धातू तिला शोभतो.)

‘जरा’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे, पण ‘पेशींची जरा’ वाचताना आजच्या वाचकाला ‘जरा थांबा’मधला ‘जरा’ आधी आठवतो. ‘जीर्णता’ म्हटले की विरलेले कापड डोळ्यांपुढे येते, शिवाय वैद्यकात ‘जीर्ण ज्वर’ म्हणजे दीर्घकाळ रेंगाळणारा ताप. ‘सुप्तावस्था’ तर टाळावीच, कारण सुप्त पेशी पुन्हा जागी होऊन विभागू शकते, आणि सेनेसन्समधील थांबा सहसा कायमचा असतो.

मला ‘विभाजननिवृत्ती’ हा शब्द सुचवावासा वाटतो. निवृत्त माणूस काम सोडतो, पण घरात असतो, बोलतो, सल्ले देतो. ही पेशीही जिवंत राहून भोवती दाह वाढवणारी प्रथिने सोडत राहते. उपचाराच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. किरणोपचार, काही रासायनिक औषधे आणि पाल्बोसिक्लिबसारखी विभाजनचक्र रोखणारी औषधे मेलॅनोमाच्या पेशींना या अवस्थेत ढकलू शकतात, त्यामुळे अर्बुदाची वाढ थांबते. परंतु थांबलेल्या पेशी सोडत असलेली प्रथिने कधी रोगप्रतिकारक पेशींना बोलावतात, तर कधी शेजारच्या कर्कपेशींनाच बळ देतात, आणि काही कर्कपेशी कालांतराने निवृत्ती मोडून पुन्हा विभागू लागतात. म्हणून आधी विभाजन थांबवायचे आणि मग थांबलेल्या पेशी दुसऱ्या औषधाने मारायच्या, असा दोन टप्प्यांचा विचार पुढे आला आहे. मेलॅनोमासाठी तो अजून संशोधनाच्या पातळीवर आहे.

या दुसऱ्या प्रकारच्या औषधांना ‘सेनोलिटिक’ म्हणतात. त्यांना ‘वार्धक्यनाशक’ म्हटले, तर वाचक ती तारुण्य परत देणारी औषधे समजेल, आणि कर्करोगाच्या रुग्णाच्या हाती असा शब्द पडू नये असे मला कळकळीने वाटते. ‘निवृत्तपेशीनाशक’ हा शब्द लांब आहे, पण औषध नेमके कशावर चालते ते त्यातून कळते. वयोमानाबद्दलच्या लेखांत ‘पेशींचे वार्धक्य’ खुशाल राहू द्यावे; त्वचेच्या कर्करोगाबद्दल लिहिताना पहिल्या उल्लेखाला ‘सेनेसन्स, म्हणजे पेशीची विभाजननिवृत्ती’ असे लिहून पुढे ‘निवृत्त पेशी’ हे शब्द वापरावेत.