बीअर, कॅनडा आणि शेजारचा देश : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कॅनडातील एका बीअरची जुनी जाहिरात नुकतीच पाहिली. तीत एक तरुण रंगमंचावर उभा राहून आपण कॅनेडियन असल्याचे आवेशाने सांगतो, पण बीअरच्या चवीबद्दल चकार शब्द काढत नाही. एखाद्या देशाचा स्वाभिमान बीअरच्या जाहिरातीतून का व्यक्त व्हावा?

उत्तर : ही जाहिरात २००० सालची असून ‘मोल्सन कॅनेडियन’ या बीअरसाठी केलेली आहे. जेफ डग्लस या अभिनेत्याने तीत ‘जो’ नावाचा साधा तरुण रंगवला आहे. त्याच्या बोलण्याचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आपण कोण आहोत हे सांगण्याआधी तो आपण कोण नाही हे सांगतो. तो लाकूडतोड्या नाही, कातड्यांचा व्यापारी नाही, बर्फाच्या घरात राहत नाही, आणि त्याच्याकडे कुत्र्यांनी ओढायची घसरगाडीही नाही. आपल्याकडे राष्ट्राध्यक्ष नसून पंतप्रधान आहेत, आपला विश्वास जगावर पहारा ठेवण्यावर नसून शांतिरक्षणावर आहे, असे तो पुढे सांगतो. यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य दक्षिणेकडच्या शेजाऱ्याला, म्हणजे अमेरिकेला, उद्देशून आहे. ज्याच्याशी आपली रोज तुलना होते त्याला आपली साधी माहितीही नसावी, याचे दुःख त्यात आहे आणि ते खरे आहे. म्हणूनच ती जाहिरात लोकांच्या मनाला भिडली, असे मला वाटते. त्या काळच्या सांस्कृतिक वारसा खात्याच्या मंत्री शीला कॉप्स यांनी ती अमेरिकेत, बॉस्टन येथील एका परिषदेत दाखवली, यावरून तिचे वजन लक्षात यावे.

आता बीअरच का, हा आपला मूळ प्रश्न. कॅनडाची राष्ट्रीय प्रतीके तुलनेने तरुण आहेत. मेपलच्या पानाचा ध्वज १९६५ साली आला आणि संविधानात बदल करण्याचा पूर्ण अधिकार ब्रिटनकडून १९८२ मध्ये मिळाला. याउलट जॉन मोल्सन यांनी माँट्रियलमध्ये बीअरचा कारखाना काढला तो १७८६ साली, म्हणजे १८६७ मध्ये कॅनडाचे संघराज्य स्थापन होण्याच्या ८१ वर्षे आधी. लबॅट या दुसऱ्या मोठ्या बीअर कंपनीचा कारखानाही १८४७ चा, संघराज्याहून जुनाच. पिढ्यान्‌पिढ्या घरात येणारे मोल्सनचे नाव देशाहून जुने असल्यामुळे त्याला देशाच्या वतीने बोलणे सोपे गेले. त्यात आइस हॉकीची भर पडली. १९५७ मध्ये मोल्सन कुटुंबाने ‘माँट्रियल कॅनेडियन्स’ हा विख्यात संघ विकत घेतला, आणि बीअर कंपन्यांच्या पैशावर चालणारे सामन्यांचे प्रक्षेपण हा हिवाळ्यातील शनिवार रात्रीचा नेम बनला. सरकारने जे प्रतीक उशिरा दिले, ते बाजाराने आधीच हाती घेतले होते.

मात्र हा तरुण सगळ्या देशाच्या वतीने बोलतो, हे मला पटत नाही. आपण इंग्रजी आणि फ्रेंच बोलतो असे तो सांगतो, पण सांगतो ते इंग्रजीतच. त्याआधी पाचच वर्षे, १९९५ मध्ये, प्रामुख्याने फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांताने वेगळे होण्याच्या प्रश्नावर सार्वमत घेतले होते आणि ४९.४२ टक्के मते वेगळे होण्याच्या बाजूने पडली होती. त्या मतदारांना या भाषणात स्वतःचा आवाज ऐकू आला असेल, असे मानणे कठीण आहे. बर्फाच्या घरांचा उल्लेख तर त्याहून खटकतो. अशी घरे बांधण्याचे कसब उत्तरेकडच्या इन्युइट समाजाचे आहे, आणि तो समाजही कॅनेडियनच आहे. परक्याचा गैरसमज झटकताना आपल्याच देशबांधवांची रीत हिणकस ठरू नये, एवढी काळजी घ्यायला हवी होती.

प्रश्न : कॅनडाची बीअर कडक आणि अमेरिकेची पाणचट असते, हे खरे का?

उत्तर : बव्हंशी खोटे. या समजाचे मूळ मोजमापात आहे. कॅनडात मद्यार्काचे प्रमाण आकारमानाने सांगतात, तर अमेरिकेतील अनेक राज्यांच्या कायद्यांत ते वजनाने सांगण्याची रीत होती. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असल्याने एकाच बीअरचा वजनाने काढलेला आकडा आकारमानाच्या आकड्याहून लहान येतो. आकारमानाने ५ टक्के असलेली बीअर वजनाने सुमारे ४ टक्के भरते. १९३३ मध्ये दारूबंदी उठण्याच्या सुमारास अमेरिकेत ३.२ टक्क्यांच्या बीअरला परवानगी मिळाली, तीही वजनाने मोजलेली होती. आकारमानाने ती ४ टक्के होते. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून वाचणाऱ्याला कॅनडाची बीअर पुष्कळ कडक वाटली, यात नवल नाही. मोल्सन कॅनेडियन आणि अमेरिकेची प्रसिद्ध बडवायझर या दोन्हींत मद्यार्क आकारमानाने ५ टक्केच असतो.

अमेरिकेची बीअर पाणचट, या म्हणण्यात एके काळी तथ्य होते, कारण दारूबंदीनंतर मोजक्या मोठ्या कंपन्या उरल्या आणि त्यांनी मका किंवा तांदूळ मिसळून केलेली सौम्य ‘लागर’ प्रकारची बीअर देशभर खपवली. पण कॅनडातील मोठ्या कंपन्यांची नेहमीची बीअरही त्याच घराण्यातली होती. शिवाय १९७८ मध्ये घरी बीअर बनवण्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली, १९८० साली कॅलिफोर्नियातील चिको येथे सिएरा नेवाडासारखा छोटा कारखाना निघाला, आणि पुढे कडू, सुगंधी बीअरचे जे नवे युग सुरू झाले त्याचे श्रेय बरेचसे अमेरिकेकडेच जाते. तरीही ही थट्टा टिकून आहे. मोठ्या शेजाऱ्यावर मात केल्याचे समाधान देणारा समज माणसे सहजी सोडत नाहीत.

प्रश्न : अमेरिकन लोकांच्या मनातही कॅनडाबद्दल इतकेच ठाम समज आहेत का? आणि व्यापारावरून वाद पेटल्यावर कॅनडातील लोक अमेरिकन बीअर नाकारतात, ते योग्य आहे का?

उत्तर : समज आहेत, पण दोन्ही बाजूंना त्यांचे वजन सारखे नाही. कॅनडाचा माणूस अमेरिकेच्या बातम्या रोज पाहतो, तर अमेरिकन माणसाला कॅनडा अधूनमधून आठवतो, आणि आठवतो तो थंडी, हॉकी आणि अदब यांच्या रूपाने. कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी १९६९ मध्ये वॉशिंग्टनला केलेल्या भाषणात अमेरिकेच्या शेजारी राहणे म्हणजे हत्तीशेजारी झोपण्यासारखे आहे, असे म्हटले होते. हत्ती कितीही प्रेमळ असला तरी त्याची प्रत्येक हालचाल आपल्याला जाणवते, हा त्यांचा मुद्दा होता. एक गोष्ट मात्र कॅनेडियन वाचकांनाही मान्य करावी लागेल. लोकरी टोपी घालून बीअर पिणाऱ्या भोळ्या कॅनेडियन माणसाचे चित्र लोकप्रिय केले ते कॅनडातीलच विनोदी कलावंतांनी. १९८० मध्ये सरकारी वाहिनीने कार्यक्रमात खास कॅनेडियन मजकूर हवा असा आग्रह धरला, तेव्हा त्या आग्रहाची थट्टा म्हणून त्यांनी ही पात्रे निर्माण केली, आणि अमेरिकेने ती उचलून धरली.

बहिष्काराबद्दल माझे मत असे की, २०२५ मध्ये अमेरिकेने आयात शुल्क लादल्यावर आणि कॅनडाला ५१ वे राज्य म्हणण्याची भाषा सुरू झाल्यावर प्रांतांच्या सरकारी दुकानांनी अमेरिकेत बनलेली दारू हटवली, ते समजण्यासारखे आणि न्याय्यही होते. परंतु कोणती बाटली अमेरिकन, हे ठरवताना नावावर जाऊ नये. बडवायझर १९८० पासून कॅनडात लबॅटच बनवते, म्हणून ती दुकानांत राहिली. लबॅट १९९५ मध्ये बेल्जियमच्या कंपनीने घेतली, आणि त्या कंपनीच्या वारसदाराने २००८ मध्ये बडवायझर बनवणारी मूळ अमेरिकन कंपनीही विकत घेतली. मोल्सनचे २००५ मध्ये अमेरिकेच्या कूर्स या बीअर कंपनीशी विलीनीकरण झाले. संपूर्ण कॅनेडियन मालकीची बीअर हवी असेल, तर न्यू ब्रन्सविकमधील सेंट जॉनच्या मूसहेडसारखी कौटुंबिक कंपनी किंवा आपल्या भागातील छोटा कारखाना शोधावा. नोकऱ्या जपणे हा हेतू असेल, तर मालक कोण यापेक्षा बीअर कोठे बनली ते पाहावे. लंडन, ओंटारिओ येथील लबॅटच्या कामगाराचा पगार तिथल्या उत्पादनावर अवलंबून आहे.