टेबल आपले, नजर सगळ्यांची

प्रश्न : मी नुकतीच एका नव्या नोकरीत रुजू झाले आहे. आमच्या मोठ्या दालनात भिंती नाहीत. छातीइतक्या उंचीच्या, कापड लावलेल्या फळ्यांनी टेबले वेगळी केली आहेत. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याचे टेबल खेळणी, छायाचित्रे आणि दिव्यांच्या माळेने भरून गेले आहे, तर आमच्या साहेबांच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीखेरीज काहीही दिसत नाही. मलाही घरच्यांचे छायाचित्र आणि आवडीची काही चित्रे लावावीशी वाटतात. पण नवखेपणी असे केले तर लोक काय म्हणतील, आणि मर्यादा नेमकी कुठे मानावी, हे कळत नाही.

उत्तर : शेजाऱ्याचे टेबल आणि साहेबांचे टेबल यांच्यामधला बिंदू शोधत बसू नका, तसा मध्य काढून मिळणारे टेबल तुमचेही नसेल आणि इतर कोणाचेही नसेल. त्याऐवजी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारून पाहा : ही वस्तू माझ्या टेबलाच्या कडेपाशी थांबते की कड ओलांडून दुसऱ्यापर्यंत पोहोचते? चौकटीतले छायाचित्र कडेपाशी थांबते. सुगंधी मेणबत्ती पेटवली नाही तरी तिचा वास थांबत नाही, आणि शेजारी दमा किंवा अर्धशिशीचा त्रास असलेली व्यक्ती बसत असेल तर तुमची हौस तिच्या दुखण्याचे कारण ठरते. लुकलुकणाऱ्या माळेचे प्रतिबिंब पाठीमागे बसणाऱ्याच्या संगणकाच्या पडद्यावर दिवसभर नाचत राहते. ती लावणाऱ्याला हे दिसतही नाही, कारण त्याची त्या पडद्याकडे पाठ असते. कडेच्या आत राहणाऱ्या वस्तूंसाठी कोणाची परवानगी मागण्याचे कारण नाही. कड ओलांडणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी मात्र आधी विचारावे, आणि उत्तर ‘चालेल, काही हरकत नाही’ असे अडखळत आले तर ते ‘नको’ असेच समजावे.

छायाचित्राविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण सजावटीची सुरुवात बहुतेक जण तिथूनच करतात. ते तुमच्याकडे तोंड करून ठेवले तर ते तुमच्यासाठी असते. येणाऱ्याजाणाऱ्याकडे तोंड करून ठेवले तर ते गप्पांचे निमंत्रण ठरते. दोन्ही योग्यच आहे, फक्त आपण काय करतो आहोत याचे भान असावे. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सॅम गॉसलिंग यांनी २००२ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी निरीक्षकांना लोकांच्या खोल्या व कार्यालयीन जागा केवळ पाहायला सांगितल्या होत्या. ती व्यक्ती नव्या अनुभवांना आणि कल्पनांना कितपत मोकळेपणाने सामोरी जाते, याचा अंदाज त्यांना तेवढ्यावरून बऱ्यापैकी अचूक बांधता आला. म्हणजे तुमचे टेबल बोलतेच. ते काय बोलेल, एवढेच तुमच्या हातात असते. चित्र निवडताना मुलांच्या गणवेशावरचे शाळेचे नाव किंवा घरावरची पाटी त्यात दिसत नाही ना, हे पाहून घ्यावे, कारण टेबलापर्यंत येणारे सगळेच काही ओळखीचे नसतात.

विनोदी पाट्यांबाबत माझे मत जरा कडक आहे. कामाला, सोमवारला किंवा वरिष्ठांना नावे ठेवणारी पाटी पहिल्या आठवड्यात हशा मिळवते; पण विभागातून एखाद्याला कामावरून कमी केल्याची बातमी येते, त्या दिवशी तीच पाटी डोळ्यांत खुपते, आणि तोवर ती तिथे आहे हे लावणारा विसरलेला असतो.

आता प्रमाण. समोर फाइल उघडून, कोपर टेबलावर टेकवून फोनवर बोलता बोलता लिहिता आले पाहिजे. त्यासाठी एखादी वस्तू सरकवावी लागत असेल तर ती जास्तीची आहे. सफाई करणारे कर्मचारी इतरांच्या वस्तूंना सहसा हात लावत नाहीत, ते मोकळा भाग तेवढा पुसतात. त्यामुळे दहा लहान शोभेच्या वस्तू म्हणजे त्यांच्याखाली साचणारी धूळ आणि ती पुसण्याचे तुमचे काम. त्यापेक्षा फळीचा उभा पृष्ठभाग वापरा. फळीवर कापड असेल तर टाचणी चालते, पत्रा असेल तर चुंबक. चिकटपट्टी मात्र दोन्हीकडे टाळावी, कारण ती काढताना कापडाचे धागे किंवा रंगाचे पोपडे सोबत घेऊन निघते. रुजू होताना मिळालेल्या नियमपुस्तिकेत विजेच्या उपकरणांविषयी काय लिहिले आहे तेही एकदा वाचा. एका विस्तारपट्टीत (एक्स्टेन्शन बोर्डात) दुसरी खोचून दिवे लावणे हा सौंदर्यदृष्टीचा नव्हे, आगीचा प्रश्न आहे.

पहिल्या महिन्यात एक छायाचित्र आणि एखादे चित्र एवढे पुरे. बाकीचे आपोआप सुचत जाईल.

प्रश्न : मी एका विभागाची प्रमुख आहे. एका सहकाऱ्याने टेबलावर आपल्या श्रद्धास्थानाची लहान तसबीर ठेवली आहे, दुसऱ्याने राजकीय घोषणेचा मोठा फलक लावला आहे. दोघांविषयीही तक्रारी आल्या आहेत. कटकट नको म्हणून सर्वच वैयक्तिक वस्तूंवर बंदी घालण्याचा विचार आहे. माहितीच्या सुरक्षिततेसाठी आमच्याकडे ‘स्वच्छ टेबल’ धोरणही आहेच, त्याचाच आधार घेता येईल का?

उत्तर : तो आधार घेऊ नये, कारण ते धोरण या कामासाठी नाही. माहिती सुरक्षेच्या आयएसओ २७००१ या मानकात टेबल आणि पडदा मोकळा ठेवण्याविषयी तरतूद आहे, पण तिचा रोख गोपनीय कागद, पेन ड्राइव्हसारख्या सुट्या साठवण-वस्तू आणि उघडे राहिलेले पडदे यांवर आहे. पडद्याच्या कडेला चिकटवलेली, पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी तिच्या कक्षेत येते. आईवडिलांचे छायाचित्र येत नाही. एका नियमाच्या आडून दुसरेच काही साधले जात आहे, हे कर्मचाऱ्यांच्या लगेच लक्षात येते, आणि मग मूळ नियमही कोणी मनापासून पाळत नाही.

सरसकट बंदीची किंमतही विचारात घ्यावी. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठातील क्रेग नाइट आणि अ‍ॅलेक्स हॅस्लम यांनी २०१० मध्ये काही प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत लोकांना चार प्रकारच्या जागांत काम दिले होते : पूर्ण रिकामी जागा, झाडे व चित्रे आधीच मांडलेली जागा, तीच झाडे व चित्रे आपल्या मनाप्रमाणे मांडण्याची मुभा असलेली जागा, आणि चौथी अशी की आधी मनाप्रमाणे मांडू द्यायचे व मग प्रयोगकर्त्याने येऊन ती मांडणी बदलून टाकायची. रिकाम्या जागेपेक्षा सजवलेल्या जागेत काम चांगले झाले, स्वतः मांडलेल्या जागेत त्याहून चांगले झाले आणि चौथ्या प्रकारात मात्र स्वतः मांडण्यातून झालेला लाभ पुसला गेला. प्रयोगातील कामे अल्पकाळाची होती, त्यामुळे वर्षभराच्या कामाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावू नयेत. परंतु तुमच्या विचाराधीन असलेली कृती चौथ्या प्रकारात मोडते, आणि म्हणून हा निष्कर्ष तुम्ही दुर्लक्षू नये असे मला वाटते. गंमत अशी की हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६८ मध्ये हलवता येणाऱ्या फळ्यांचे जे कार्यालय बाजारात आणले, त्यात काम करणाऱ्याला स्वतःचे कागद व चित्रे टाचता यावीत अशी सोय मुद्दाम ठेवली होती. पुढे जागा वाचवण्याच्या नादात खुराडी तेवढी उरली.

तुमच्यासमोरची दोन प्रकरणे वरवर सारखी दिसतात, पण तशी नाहीत. लहान तसबीर तिच्या मालकाकडे पाहते. फलकावरची घोषणा समोरून जाणाऱ्याला उद्देशून बोलते आणि त्याला ती न वाचण्याची सोय नसते. म्हणून नियम विषयावर न बेतता आकारावर आणि दिशेवर बेतावा : वैयक्तिक चित्र पोस्टकार्डाएवढे असावे, बसणाऱ्याकडे तोंड करून असावे, आणि फळीच्या वरच्या कडेबाहेर काही डोकावू नये. विषयाचे अपवाद दोनच : राजकीय किंवा धार्मिक प्रचाराचा मजकूर कोणाचाही असो, कामाच्या जागी नको. कोणत्याही समूहाची किंवा स्त्री-पुरुषांची हेटाळणी करणारी वस्तू तर आकाराने नखाएवढी असली तरी नको. हा नियम लेखी द्यावा आणि तो तुमच्या स्वतःच्या टेबलालाही लागू असावा. फलक लावणाऱ्याशी एकांतात बोलून त्यालाच तो उतरवायला सांगावे. तो सुट्टीवर असताना परस्पर काढून टाकलात तर तक्रार एकाची मिटेल आणि दुसऱ्याची सुरू होईल.

प्रश्न : माझ्या टेबलाजवळ खिडकी नाही. हवा शुद्ध करणारे एखादे रोप ठेवायचे आहे. कोणते ठेवावे?

उत्तर : रोप जरूर ठेवा, पण हवा शुद्ध होण्याची अपेक्षा त्याच्यावर लादू नका. हा समज प्रामुख्याने नासाच्या १९८९ मधील अहवालातून पसरला, आणि ते प्रयोग बंदिस्त पेट्यांमध्ये केलेले होते. त्यानंतरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इमारतीच्या नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटर जागेत १० ते १००० रोपे लागतील, असा हिशेब त्यात मांडला आहे. तेवढी ठेवली तर बसायला जागा उरणार नाही.

नुसत्या दिव्यांच्या उजेडात स्नेक प्लांट, झीझी प्लांट आणि मनी प्लांट बऱ्यापैकी तग धरतात. कार्यालयातली रोपे पाण्याअभावी मरण्यापेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात; मातीत बोट खुपसून पाहावे आणि ती आतपर्यंत कोरडी लागली तरच पाणी घालावे. मनी प्लांट बाटलीत ठेवणार असाल तर पाणी दर आठवड्याला पूर्ण बदला आणि बाटली आतून घासा, कारण डासाची अंडी काचेला चिकटून राहतात आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कुंडीखाली बशी हवीच, आणि कुंडी संगणकाच्या तारांपासून दूर हवी.

प्रश्न : आमच्याकडे कोणालाच ठरलेली जागा नाही, रोज मिळेल त्या टेबलावर बसावे लागते. मग सजावट करायची तरी कशाची?

उत्तर : सोबत नेता येईल तेवढ्याची. टेबलावर अंथरायची गुंडाळता येणारी चटई, घडी घालून उभे करता येणारे छायाचित्र आणि आपला कप एवढे एका पिशवीत मावते, आणि रोज त्याच क्रमाने मांडले की अनोळखी टेबलही दोन मिनिटांत ओळखीचे वाटू लागते. पडद्यावरचे पार्श्वचित्र निवडताना ते बैठकीत भिंतीवर मोठे होऊन सर्वांना दिसणार आहे हे लक्षात असू द्यावे. संगणक कंपनीच्या मालकीचा असेल तर त्याच्या झाकणावर थेट चिकटचित्रे लावू नका. वेगळे आवरण घ्या आणि हवी तेवढी चित्रे त्यावर लावा, म्हणजे संगणक परत करताना ती खरवडत बसावे लागणार नाही.