ठोसा कोठून दिसतो

ठाणे (पश्चिम)

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

उपवन तलावाच्या काठावर तू केलेले चित्रीकरण पाहिले. लाथा निर्दोष आहेत. कराटेच्या सरांनी तुझ्याकडून चांगलीच मेहनत करून घेतली आहे. मात्र मोबाइल एका जागी टेकवून तू एकटाच हवेत वार करीत राहिलास, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

तुझा आदर्श जॅकी चॅन आहे. मी तुला त्याच्याच थोरल्या गुरुबंधूची, सॅमो हंगची कारकीर्द अभ्यासायला सांगेन. १९५२ साली हाँगकाँगमध्ये जन्मलेला हा माणूस लहानपणीच यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे पारंपरिक चिनी संगीतनाट्याच्या, निवासी शाळेत दाखल झाला, तेथे कोलांट्यांपासून गाण्यापर्यंत सर्व अंगांनी घडला आणि पुढे चित्रपटांत स्टंट करू लागला. १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’च्या सुरुवातीला ब्रूस ली ज्या जाडजूड प्रतिस्पर्ध्याला लोळवतो, तो सॅमोच. नायकाची म्हणतात तशी अंगकाठी त्याला लाभली नव्हती. तरीही १९७७ मध्ये तो दिग्दर्शक झाला, आणि २००८ च्या ‘इप मॅन’मधील मारामाऱ्या बसवल्या तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. मारामारी रचण्याचे काम त्याने ऐन तारुण्यातच हाती घेतले, यातच त्याच्या टिकण्याचे रहस्य आहे, असे मला वाटते.

रचणे म्हणजे काय, ते पाहा. पडद्यावरचा ठोसा बहुधा चेहऱ्याला लागतच नाही. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे असेल तर मधली फट झाकली जाते; बाजूला असेल तर पितळ उघडे पडते. मार खाणाऱ्याने मान वेळेवर झटकली नाही, तर कितीही वेगवान ठोसा फुसका वाटतो. हाँगकाँगची मंडळी कपड्यांवर पावडर टाकत, म्हणजे फटक्यासरशी धूळ उडे. शिवाय दोन तुकडे जोडताना दुसरा तुकडा किंचित मागून सुरू करीत, त्यामुळे तोच आघात डोळ्यांना जणू दोनदा दिसे. माझी हयात संकलनाच्या टेबलावर गेली. चुकीच्या जागी लावलेला कॅमेरा तेथे दुरुस्त करता येत नाही.

एखाद्या फाइट मास्टरच्या हाताखाली राहायला मिळाले, तर पडद्यावर दिसण्याची घाई न करता जा. आणि उडी कितीही किरकोळ असली, तरी गाद्या व पकडणारी माणसे असल्याशिवाय घेऊ नकोस. युगोस्लाव्हियातील चित्रीकरणात झाडाच्या फांदीवरून पडून खुद्द जॅकीची कवटी फुटली होती.

तूर्त एवढे कर: अर्ध्या मिनिटाची मारामारी कागदावर लिही, सोबत एक मित्र घे, आणि दर दोन-तीन हालचालींनंतर मोबाइलची जागा बदलून ती चित्रित कर. त्यात मार तू खा. सगळे तुकडे, बिघडलेलेसुद्धा, घेऊन रविवारी सकाळी नौपाड्यात ये; जोडायला आपण एकत्र बसू.

तुझा शुभचिंतक